अनुभव धागा : आजारपणासाठी लोकांकडे पैसे मागितले तेव्हा

कोकणात दुखणं वाढलं की गाडी मुंबई, कोल्हापूर नाहीतर गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाला लागते, आणि खरा खर्च तिथून सुरू होतो. ऑनलाइन मदत मागायची लिंक टाकून किंवा वर्गणी काढून पैसे उभे केले असतील, कुणाला दिले असतील, तर लिहा. फसलेलंही लिहा. सुरुवात मीच करते.

गुहागरची माहेरवाशीण
भावाला रक्ताचा कॅन्सर, उपचार परळला टाटामध्ये. योजनेतून बरंच भागलं. पण खोलीचं भाडं, बाहेरून आणायची औषधं, आईच्या खेपा कुठल्या योजनेत बसणार? ४ लाखांची लिंक केली. लिंक बनवून देणाऱ्या साइटच्या मुलीचा फोन आला, "ताई, नळ्या लावलेला फोटो द्या ना, प्रतिसाद चांगला येतो." भाऊ पडल्यापडल्या म्हणाला, "शिमग्यातला टाक, पालखी नाचवतानाचा." तोच टाकला. दीड महिन्यात ६१ हजार आले. त्यातून त्यांचं शुल्क गेलं, वर शुल्कावर जीएसटी.

मग वाडीच्या मुंबई मंडळाने एका रविवारी लालबागच्या खोलीत सभा घेतली. सेक्रेटरींनी गणपतीच्या वर्गणीचीच वही उलटी धरली आणि मागच्या पानापासून नावं लिहायला घेतली. दुपारच्या चहापर्यंत ८५ हजार. पहिलंच नाव, बांधावरून ज्यांच्याशी आमची कोर्टात केस चालू आहे त्या काकांचं. ५,००१. त्यांना मी लिंकसुद्धा पाठवली नव्हती, लाज वाटली होती. भाऊ आता बरा आहे. केस चालू आहे.

लांजेकर
लिंक करण्याआधी रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला गाठा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड बरोबर ठेवा. आम्ही दाखला गावी विसरलो. रात्रीच्या एसटीने पुतण्या घेऊन आला, तोवर बिल ४० हजारांनी फुगलं होतं. आणि हो, माणसं आयकरात सवलत मिळावी म्हणून ८०जीची पावती मागतात. थेट रुग्णाला दिलेल्या पैशावर ती सवलत मिळत नाही, आधीच सांगून टाका.

मालवणची
घोवाला अर्धांग झाला तो नेमका जूनमध्ये. मासेमारी बंद, सगळ्यांच्याच चुली मंद, मागायचं कुणाकडे? मुलाने फोनवर लिंक केली, तिला आमच्या किनाऱ्यावरून एक रुपया आला नाही. मला रागच आला होता, खोटं कशाला बोलू. पावसाळ्यानंतर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून दोरीने ओढायचं जाळं, सुरू झाली तेव्हा एक दिवस तिचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, दारात आला, "घोवाचो वाटो काडून ठेवलो हा." हा माणूस खाटेवर, दोरीला हात नाही, आणि वाटा चालू! चार महिने मिळाला. कधी ३०० रुपये, कधी नुसती टोपलीभर तारली. फिजिओथेरपीवाल्याला एकदा तारलीच दिली, त्याने घेतली.

चिपळूणकर
सगळे जमवण्याबद्दल लिहितायत, उरलेल्याचं कुणी लिहीत नाही. आई व्हेंटिलेटरवर असताना लिंक केली आणि चौथ्या दिवशी ती गेली. बिल भागवून खात्यात ३८ हजार राहिले. बाराव्याला जेवण घातलं तर "लोकांच्या पैशावर" असं कानावर आलं. बायकोने वर्षभर नवी साडी घेतली नाही. हिशोब, बिलांच्या फोटोंसकट, गटावर टाकला तेव्हा एकाने अंगठा दाखवला, बाकी शांतता. मी एकेकाला फोन करून परत घेणार का विचारलं. बहुतेकांनी नको म्हटलं, दोघांनी घेतले, आणि त्या दोघांचा मला जास्त आधार वाटला. उरलेल्यातून शेजारच्या वाडीतल्या मुलीचं डायलिसिसला जायचं रिक्षाभाडं देतो, वहीत लिहून. नाव न देता आलेले २०० रुपये मात्र तसेच आहेत. असे पैसे परत कसे पाठवायचे, कुणाला माहीत असेल तर सांगा.