फुकट दिसणारं चॅनल नेटवर दाखवलं की कॉपीराइट कुठून येतो?

अँटेनाबहाद्दर:
जे चॅनल घरच्या अँटेनावर फुकट दिसतं तेच कुणी नेटवरून मोबाइलवर पोचवलं तर लगेच केस कशी काय होते? पैसे तसेही कुणी देत नव्हतं, जाहिराती पण त्याच, उलट प्रेक्षक वाढलेच ना?

रातकिडा:
तुम्ही स्वतः बघणं वेगळं आणि ते पकडून हजारो लोकांना पाठवणं वेगळं. अमेरिकेतल्या एरिओची केस बघा, भारी आहे. फुकट चॅनल नेटवरून दाखवणारी ही कंपनी 2012 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली, त्यांनी काय डोकं लावलं तर दर गिऱ्हाइकाला वेगळा इवलासा अँटेना आणि प्रत्येकाची वेगळी कॉपी, म्हणजे आम्ही प्रसारण करतच नाही, अँटेना भाड्याने देतो, बटण गिऱ्हाईकच दाबतं. नुसता कायद्यातून पळवाट काढायला बांधलेला जुगाड, पण अपील कोर्टात टिकला! 2014 ला सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 ने उडवला, तुम्ही केबलवाल्याचंच काम करताय म्हणून.

अँटेनाबहाद्दर:
मग केबलवाल्याचं लायसन्स द्या की त्यांना

रातकिडा:
मागितलं ना त्यांनी! कॉपीराइट ऑफिस म्हणालं, नेटवरची सेवा म्हणजे केबल नाही. दोन्हीकडून मार. त्याच वर्षी दिवाळं.

खिडकीतला_माणूस:
आणि पैसे कुणी देत नव्हतं हे चूक आहे हो. प्रेक्षक देत नाही, पण तिकडे केबल कंपन्या चॅनल दाखवायचे चॅनलवाल्यांना भरपूर पैसे मोजतात, एरिओ सुटली असती तर उद्या त्यांनीही तसेच अँटेना लावले असते, खरी भीती ती होती. युरोपात पण 2013 ला टीव्हीकॅचअप या नेटवर चॅनल दाखवणाऱ्या सेवेच्या केसमध्ये हेच ठरलं, की टीव्हीचं प्रसारण नेटवर परत सोडलं तर नवीन परवानगी लागते, मग बघणाऱ्याला ते घरी कायदेशीर दिसत असलं तरी.

अँटेनाबहाद्दर:
नफा न घेता चालवलं तर?

खिडकीतला_माणूस:
तेही करून झालंय, लोकास्ट नावाची अशीच ना-नफा सेवा होती. अमेरिकेच्या कायद्यात ना-नफा संस्थेला सूट आहे, पण ती खर्चापुरते पैसे घेतले तरच. यांनी देणगीचे पैसे नवीन शहरांत पसरायला वापरले, देणगी न देणाऱ्याचा कार्यक्रम मध्येच थांबवून देणगी मागायचे ते वेगळंच. 2021 ला कोर्टाने सूट नाकारली आणि दोन-तीन दिवसांत सेवा बंद.