मदत हवी आहे: बाहेरचे 25 करंट संपत आले, आतला महिनाभर लांबतोय

नमस्कार. बेळगावातून, शहापूरहून लिहिते आहे. मावशी 56 वर्षांची, गाव खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे. सध्या माझ्याकडेच आहे. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, स्टेज 3 बी. ऑपरेशन होणार नाही म्हणाले. म्हणून सोमवार ते शुक्रवार करंट, म्हणजे बाहेरून रेडिएशन, असे 25, आणि आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन. मध्ये जुलाबांनी पार गळून गेली, तीन दिवस चुकले. आज शनिवार, 34 वा दिवस. 22 झालेत, उरलेले तीन बुधवारपर्यंत होतील.

खरी अडचण पुढे आहे. ब्रेकीथेरपीसाठी, म्हणजे आतून द्यायच्या करंटसाठी, हॉस्पिटलने सांगितलंय की मशीनमधला सोर्स, म्हणजे किरणं देणारा तुकडा, बदलायचाय, महिनाभराने या. तो इरिडियम-192 चा असतो, 74 दिवसांत त्याची ताकद निम्मी होते, त्यामुळे तीन-चार महिन्यांनी नवा आणावाच लागतो, हे मला कळतं. पण बाहेरचा-आतला मिळून सगळा उपचार 8 आठवड्यांत, 56 दिवसांत संपावा असंच सगळीकडे वाचलं. लांबला तर गाठ पुन्हा वाढायला वाव मिळतो. महिनाभराने म्हणजे आमचा पहिलाच आतला करंट पासष्टाव्या दिवसानंतर!

त्यात काका म्हणतात, "25 घेतले की, आता पुरे. आत नळ्या कशाला घालायच्या? सुगी तोंडावर आलीय." मावशीचंही मन डळमळलं होतं. तिला मी माझ्या परीने सांगितलं. बाहेरून 25 करंट मिळून 45 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचं माप) होतात. लघवीची पिशवी आणि गुदाशय अगदी लागून असल्यामुळे बाहेरून आणखी वाढवता येत नाही, ते भाजून निघतील. आतल्या नळीतला सोर्स थेट गाठीपाशी जातो आणि जरा लांब गेलं की त्याचा मारा झपाट्याने कमी होतो. असं करूनच गाठीला 80-85 ग्रेपर्यंत पोचवता येतं. भाकरी तव्यावर भाजली तरी शेवटी निखाऱ्यावर धरावी लागतेच ना? हे तिला पटलं. काकांना अजून नाही.

टाटा मेमोरियलचा अभ्यास 2018 साली छापून आलाय. 3 बी स्टेजच्याच 850 बायका. नुसत्या रेडिएशनवर 5 वर्षांनी 46 टक्के हयात, सोबत सिस्प्लॅटिन असेल तर 54 टक्के. ब्रेकीथेरपी दोन्ही गटांत होती. हे वाचल्यापासून अर्ध्यावर सोडायचं मनातसुद्धा येत नाही.

मिरज, कोल्हापूर किंवा हुबळीला फक्त ब्रेकीथेरपीसाठी दुसरीकडचा पेशंट घेतात का? आणि महाराष्ट्र सरकारने 865 सीमावर्ती गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केलीय, त्यात आमचं गाव आहे. रेशनकार्ड कर्नाटकाचं. कुणी प्रत्यक्ष वापरलीय का, कागद काय लागले?

निपाणीची लेक: ताई, माझ्या आईचं असंच झालं होतं. बाहेरचे करंट एकीकडे, आतले दुसरीकडे. घेतात, पण आधी डॉक्टर डॉक्टरांशी बोललेले बरे. सोमवारीच रेडिएशनच्या डॉक्टरांना भेटा आणि "56 दिवसांत बसवून द्या, नाहीतर रेफर करा" असं स्पष्ट म्हणा. किती ग्रे दिले त्याचा डोस चार्ट, प्लॅनिंगच्या सीटीची सीडी, एमआरआय, बायोप्सी आणि ताजं रक्त तपासलेलं, एवढं हातात ठेवा. किडनीचा क्रिएटिनिन रिपोर्ट विसरू नका. योजनेचं मात्र तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्याला, जायच्या आधी फोन करून विचारा, गावाचा पुरावा म्हणून काय चालतं ते तोच सांगेल. नळ्या घालताना भूल देतात, आईला काढताना दुखलं, पण संध्याकाळी चहा प्यायली. काकांना बोलायचं असेल तर आई बोलेल फोनवर, खरंच.

धागाकर्ती: ताई, तुमच्या आईंशी काकांचं बोलणं नक्की करून द्या, व्यक्तिगत निरोप केलाय. चार्ट मागायचा असतो हेच माहीत नव्हतं. मावशीला आत्ताच विचारलं, म्हणाली, "भात जाऊबाई कापतील, मला मिरजेची गाडी किती वाजता आहे ते बघ."

इतर कुणाला मिरज-कोल्हापूरकडची तारीख लवकर मिळाली असेल तर कृपया लिहा. बुधवारपर्यंत रोज रात्री इथे बघेन.