मदत हवी आहे: केरळातल्या परंबिकुलमच्या जंगलातली जुनी ट्रामवे

डिसेंबरात आम्ही तिघे मडगावहून त्रिशूरला रेल्वेने जाणार आहोत, तिथून परंबिकुलमला. १९०७ ते १९६३ पर्यंत चाललेल्या कोचीन फॉरेस्ट ट्रामवेचे (जंगलातलं लाकूड वाहणाऱ्या रेल्वेचे) अवशेष बघायचे आहेत. सागवान भरलेले डबे उतारावरून खाली येताना रिकामे डबे वर ओढत, इंजिनाशिवाय! त्या उताराच्या जागा डोळ्यांनी बघाव्यात, शांतपणे, ही फार दिवसांची इच्छा.

तमिळनाडूतल्या पोल्लाचीमार्गे रस्ता आहे, इतपत कळलंय. फोनवर विचारलं तर फक्त बस सफारीचीच माहिती मिळाली. बाबा ६८ वर्षांचे, गुडघा दुखतो, दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालणं नको. मल्याळम, तमिळ कुणालाच येत नाही.

कुणी गेलं असेल तर सांगा: वाटाड्या घेऊन उताराच्या अवशेषांपर्यंत पायी जाऊ देतात का, आणि परवानगी आधी काढावी लागते की तिथेच मिळते?