मदत हवी आहे: सागवानी दाराच्या पॅनलला गॅप किती ठेवायची? (उद्या मिस्त्री येतोय)

कोथरूडकर_७
नमस्कार मंडळी, सॉलिड सागवानाचं कपाट करून घेतोय, दाराला चौकट आणि मधे पॅनल. मिस्त्री म्हणतो पॅनलला फेविकॉल लावून घट्ट ठोकतो, जन्मात हलणार नाही. यूट्यूबवर सगळे बोंबलतायत की गॅप ठेवा नाहीतर फुटेल. मला फक्त आकडा हवाय. एक सूत (१/८ इंच) की दोन सूत? उद्या सकाळी तो येणार आणि एकदा गेला की गणपती होईपर्यंत फिरकणार नाही, तेव्हा प्लीज लवकर सांगा.

रंधा_पटाशी
पॅनल रुंदीला किती? लाकूड घरात कधीपासून आहे? फळीचं टोक बघितलंस का, रेषा कमानीसारख्या आहेत की सरळ उभ्या? यातलं काहीच न सांगता आकडा मागणं म्हणजे डॉक्टरला फोन करून "पोटात दुखतंय, गोळी सांगा" म्हणण्यासारखं झालं.

प्लाय_झिंदाबाद
आजकाल कोण सॉलिड करतं राव? १९ एमएमचं बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारं) प्लाय घ्या, वरून टीक व्हिनियर (सागवानाचा पातळ पापुद्रा) मारा, लांबून कुणाच्या बापाला कळत नाही. ना फुगणार ना फुटणार.

कोथरूडकर_७
@प्लाय_झिंदाबाद, प्लाय नकोय म्हणूनच एवढा खर्च केलाय, तो विषय नको.
@रंधा_पटाशी काका, पॅनल १८ इंच रुंद. लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलं, दुकानदार सीपी (मध्य भारतातलं सागवान) म्हणाला. रेषा कमानीसारख्या दिसतायत बहुतेक. आता आकडा?

दीपक_धायरी
सागवानाला आतून वाळवीचं औषध मारून घ्या आधी, आमच्याकडे पाच वर्षांत अख्खी चौकट पोखरली होती.

सदाशिव_पेठी
मार्केटमधलं नवीन लाकूड घेतलं तिथेच चुकलं. पेठेत वाडे पाडतात तिथल्या जुन्या तुळया घ्यायच्या, चिरून आणायच्या. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड, ते हलत नाही म्हणजे नाही. आमच्या माजघराचं दार आजोबांच्या आधीपासून आहे, अजून टकाटक बंद होतं.

रंधा_पटाशी
सदाशिवराव, जुनं लाकूड वाकायचं-पिळवटायचं थांबतं हे खरं, पण हवेतला ओलावा ते आजही घेतं आणि सोडतं. तुमच्या माजघराच्या दाराची फळी खाचेत नुसती सरकवलेली असणार, तेव्हाच्या सुतारांना हे सगळं ठाऊक होतं, म्हणून ते टिकलंय. आणि दीपक, सागवानाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या भागाला लागते. तुमच्या चौकटीत तो भाग आला असेल.

सदाशिव_पेठी
माजघराचं दार तुम्ही पाहिलंयत का? नाही ना? मग?

कोथरूडकर_७
अहो दार माझं आहे 🙏 माजघर राहू दे

रंधा_पटाशी
बरं ऐक. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, हलतं ते रुंदीत. पुण्यात एप्रिल-मेमधे हवा कोरडी ठणठणीत आणि जुलै-ऑगस्टमधे दमट, त्यामुळे घरातल्या लाकडाचा ओलावा साधारण ४-५ टक्क्यांनी वरखाली होतो. कमानीच्या रेषांचं सागवान दर टक्क्याला रुंदीच्या पाचशेव्या भागाएवढं फुगतं-आकसतं, उभ्या रेषांचं त्याच्या निम्मंच. म्हणजे तुझ्या १८ इंचात एकूण चार मिलिमीटरच्या आसपास, पॅनल मधोमध धरलं तर एका बाजूला दोन.
पण नुसती गॅप सांगून उपयोग नाही, दार कुठल्या महिन्यात जुळवतोयस ते महत्त्वाचं. मे महिना असता तर म्हटलं असतं की बाजूला सूतभर तरी मोकळं ठेव, कारण पुढे फुगणारच. आत्ता पावसाळ्यात लाकूड आधीच फुगलेलं असतं, म्हणजे इथून पुढे ते आकसणार. तेव्हा गॅप अर्धा सूत पुरे, पण चौकटीतली खाच अर्धा इंच खोल घे आणि पॅनलची जीभ (खाचेत शिरणारी कड) आत भरपूर जाऊ दे, नाहीतर एप्रिलमधे जीभच बाहेर दिसेल. लाकूड घरात कधीपासून आहे ते अजून सांगितलेलं नाहीस.

कोथरूडकर_७
जूनपासून हॉलमधे पडलंय, एसी नाही.

रंधा_पटाशी
मग मी म्हणतो तेच धर. फेविकॉल फक्त चौकटीच्या सांध्यांना, खाचेत थेंबही नको. पॅनल मधोमध राहावं म्हणून वर-खाली मध्यावर एकेक छोटी खिळी. आणि पॅनल बसवायच्या आधीच कडेपर्यंत पॉलिश करून घे, नाहीतर आकसल्यावर कडेला कोरी पट्टी दिसते.

मृणाल_औंध
पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश केलं तर ओलावा आत जातच नाही ना? मग एवढी गॅपबिप कशाला? आमच्या इंटिरियरवाल्याने तसं सांगितलेलं.

रंधा_पटाशी
जातो, फक्त सावकाश जातो. आणि एकाच बाजूला पॉलिश केलं तर फळी वाकते, दोन्ही बाजूंना सारखं हवं. कोथरूडकर, कपाटाच्या बाजू पण सॉलिड आहेत का? आतले कप्पे टेकवायच्या पट्ट्या बाजूंना कशा मारल्यात?

कोथरूडकर_७
हो बाजू पण सॉलिड, १८ इंच खोल. आडव्या पट्ट्या सागवानीच, फेविकॉल आणि चार-चार स्क्रू. दोन बसवून झाल्या, बाकी उद्या. का?

रंधा_पटाशी
अरे दाराचं सोड, खरा धोका तिथे आहे! बाजूची फळी रुंदीत चार एमएम आकसणार आणि आडवी पट्टी लांबीत जागची हलणार नाही. उन्हाळ्यात बाजू उभी तडकेल. बसवलेल्या दोन पट्ट्या उद्या पहिल्यांदा काढायला लाव, स्क्रू काढून पटाशीने उचलायच्या, फेविकॉल सुटत नसेल तर गरम इस्त्री फिरवायची, नरम पडतो. परत लावताना फेविकॉल नाही. पुढचा स्क्रू पक्का, मागच्या तिन्ही स्क्रूंची पट्टीतली भोकं पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट करायची, वॉशर घालायचा आणि फार करकचून आवळायचं नाही. पुढून धरल्यामुळे सगळी हालचाल मागे जाते, दाराची ओळ बिघडत नाही.

प्लाय_झिंदाबाद
बघा, प्लाय असतं तर हे काहीच नव्हतं 😄

रंधा_पटाशी
त्याच्या पाठीला ६ एमएम प्लाय मीच सांगणार होतो, खाचेत सरकवून. खूश?

कोथरूडकर_७
मिस्त्रीला फोन केला. म्हणतो तीस वर्षं फेविकॉलनेच मारतोय, एकही तक्रार नाही. लांबट भोकांचा वेगळा चार्ज लावीन म्हणाला.

मृणाल_औंध
किती म्हणाला? आमच्याकडे पण याच महिन्यात काम काढायचंय.