मदत हवी आहे: जवसात लिनोलेनिक अ‍ॅसिड ठासून भरलंय तरी ते उगवतं कसं? (एमएस्सी प्रोजेक्ट)

नमस्कार मंडळी, मी विदर्भात एमएस्सी अ‍ॅग्री करतेय, विषय प्लांट फिजिऑलॉजी. तेलबियांतली फॅटी अ‍ॅसिडं दाण्याला सिग्नल कशी देतात आणि त्याचा उगवणीवर काय परिणाम होतो यावर छोटा प्रोजेक्ट करायचाय. पीक जवस घेतलं, कारण इकडे बी सहज मिळतं आणि डिशमध्ये उगवतंही पटकन.

तर वाचल्यापासून डोकं एकाच ठिकाणी अडकलंय. लिनोलेनिक या फॅटी अ‍ॅसिडपासून झाडात ओपीडीए (12-ऑक्सो-फायटोडायेनोइक अ‍ॅसिड) हा मधला पदार्थ बनतो आणि त्याच्यापासून पुढे जॅस्मोनिक अ‍ॅसिड हे हार्मोन, इथवर ठीक. पण अरेबिडॉप्सिसमध्ये (लॅबमध्ये प्रयोगाला वापरतात ते छोटं रोप) दिसलंय की हे मधलं ओपीडीएच अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड या उगवण थांबवणाऱ्या हार्मोनच्या जोडीने उगवण रोखून धरतं. अरेबिडॉप्सिसचा कोमॅटोज नावाचा म्युटंट (जनुक बिघडलेलं रोप) आहे, त्याच्यात ओपीडीए साठून राहतं आणि बी उगवत नाही, साखर दिली तरी नाही, म्हणजे उपासमारीचा प्रश्न नाहीच. आता जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनोलेनिक, करडईत ते जवळपास नाहीच. मग या हिशोबाने जवस रुसून बसायला हवं ना? ते तर मस्त उगवतं!

दुसरं म्हणजे गाईड म्हणतात बी लिनोलेनिकच्या पाण्यात भिजव आणि मोज. पण ते पाण्यात विरघळतच नाही, वर तवंग येतो. उगवण कमी झाली तर ती सिग्नलमुळे की तवंगाने बी गुदमरलं म्हणून, हे सांगायचं कसं? कोणी केलंय का असं काही?

— जवसवाली

बीजप्रेमी:
पहिल्या प्रश्नाचं सांगतो. तुम्ही म्हणताय ते लिनोलेनिक तेलाच्या थेंबांत ट्रायग्लिसराइड (साठवणीचं तेल) म्हणून बांधलेलं असतं, मोकळं नाही. कणगी भरलेली आहे म्हणून ताटात भाकरी येत नाही ना, तसंच. ओपीडीएची सुरुवात मुख्यतः प्लास्टिडच्या (पेशीतला हरितलवकासारखा भाग) पडद्यातल्या लिपिडांपासून होते, आधी लायपेज या एन्झाइमने अ‍ॅसिड सुटं करायचं, मग लिपॉक्सिजनेज, मग अ‍ॅलीन ऑक्साइड सिंथेज, मग सायक्लेज ही एन्झाइमं एकामागून एक. म्हणून तेलाच्या टक्केवारीवरून ओपीडीए किती हे काढताच येत नाही. गंमत म्हणजे हे अ‍ॅलीन ऑक्साइड सिंथेज 1991 मध्ये जवसाच्याच दाण्यातून शुद्ध केलेलं, आणि लॅबमध्ये ओपीडीए बनवायला अजूनही जवसाचाच अर्क वापरतात. सायक्लेज नसेल तर या सिंथेजने बनवलेलं अ‍ॅलीन ऑक्साइड पाण्यात टिकत नाही, बरंचसं कीटोल नावाचं वेगळंच संयुग होऊन जातं. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न असा हवा: भिजल्यावर जवसात ओपीडीए किती बनतं आणि किती लवकर पुढे खर्च होतं. ते मोजायला मास स्पेक (मास स्पेक्ट्रोमीटर, पदार्थ ओळखून मोजायचं यंत्र) लागेल, तुमच्या कॉलेजात नसेल तर आत्ताच ओळखी काढा.

मातीतला_माणूस:
तवंगाचा मुद्दा एकदम बरोबर पकडलात ताई. अ‍ॅसिड आधी थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवा, कंट्रोल डिशमध्येही तेवढंच इथेनॉल घाला. आणि शेजारी ओलेइक अ‍ॅसिडची डिश हवीच, तीही तेवढीच तेलकट पण तिच्यापासून ओपीडीए बनत नाही. दोन्हीकडे उगवण सारखीच पडली तर सिग्नल विसरा, तो नुसता तेलाचा त्रास आहे. एक डिश मिथाइल जॅस्मोनेटचीही (जॅस्मोनिक अ‍ॅसिडचंच एक रूप) ठेवा, ओपीडीएपेक्षा खूप स्वस्त पडतं, फक्त ते उडून शेजारच्या डिशमध्ये जातं, म्हणून वेगळ्या डब्यात.
जवस भिजलं की बुळबुळीत होतं, जास्त पाणी घातलं तर तो चिकट थरच हवा अडवतो, कागद नुसता ओलसर ठेवा. बी ताजं आणि एकाच लॉटचं घ्या, जुन्या बियाण्यात मोकळी फॅटी अ‍ॅसिडं आधीच वाढलेली असतात. बाटली उघडी ठेवू नका, लिनोलेनिक हवेत लगेच खराब होतं (याच गुणावर जवसाचं तेल रंगात चालतं).

जवसवाली:
ओलेइकची डिश सुचलीच नव्हती, थँक्यू दादा! 🙏 आता एकच सांगा, मूळ बाहेर आलं की उगवलं धरायचं की हिरवी पानं उघडेपर्यंत थांबायचं?

मातीतला_माणूस:
मूळ बाहेर आलं की उगवलं. पानं वेगळी मोजा, कारण तिथे साठवलेलं तेल वापरायचा प्रश्न सुरू होतो, दोन्ही एकत्र केलंत तर आकड्यांचा घोळ होईल.