स्टॉपलॉस (तोटा ठरलेल्या मर्यादेत थांबवणारा विक्रीभाव) लावतो आणि ऐन वेळी मीच काढतो. हात कसा आवरायचा?

नमस्कार मंडळी,

डिचोलीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. पाच-सहा वर्षं शेअर्समध्ये आहे. ऑप्शन्स करत नाही. सेबीच्या 2024 च्या अभ्यासात आलं होतं की तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. ते वाचून त्या वाटेला गेलोच नाही. माझं सगळं कॅशमध्ये, म्हणजे पूर्ण पैसे भरून शेअर घ्यायचे, आणि आठ-पंधरा दिवसांत विकायचे, ज्याला स्विंग म्हणतात. त्यामुळे कृपया 'इंडिकेटर बदला' असा सल्ला देऊ नका. अडचण चार्टची नाही, माझ्या हाताची आहे.

मागच्या चौदा महिन्यांचे सौदे वहीत उतरवून काढले. एकूण 61. त्यातले 37 फायद्यात, 24 तोट्यात. तरीही निव्वळ तोटा 59 हजारांच्या वर! फायद्यातला सौदा मी सरासरी 1,900 रुपयांवर घाईने काढलाय आणि तोट्यातला 5,400 पर्यंत ओढत नेलाय. त्या रात्री जेवण गेलं नाही.

फायदा घाईने काढायचा आणि तोटा ओढत न्यायचा, याला डिस्पोझिशन इफेक्ट म्हणतात, शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी 1985 मध्येच मांडलेला, हे माहीत आहे. काहनेमन-ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचंही वाचलंय, की जेवढ्यास तेवढा तोटा फायद्यापेक्षा जास्त बोचतो. माहीत असून काही फरक पडत नाही, हेच दुखणं आहे.

परवाचंच सांगतो. 412 ला घेतलेला शेअर, 396 ला जीटीटी, म्हणजे भाव तिथं आला की आपोआप विक्रीला जाणारी स्टॉपलॉसची ऑर्डर, लावलेली. भाव 397.50 वर आला. समोर गिऱ्हाईक अर्ध्या इंचाचा एल्बो मागत उभं. त्याला थांबवून मी ॲप उघडलं आणि जीटीटी डिलीट केली. तोवर छातीत धडधडत होतं, डिलीट झाल्या झाल्या एकदम शांत वाटलं. मला भीती त्या शांत वाटण्याचीच आहे, कारण त्याचीच सवय लागलीय. शेअर शेवटी 361 ला विकला.

घरात हे आधी पाहिलंय. 2012 ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा बाबांचे खनिज वाहणारे दोन टिपर ट्रक होते. पहिल्या वर्षी गिऱ्हाईक आलं होतं, पण 'एवढ्या कमी दरात कसे देऊ, खाणी सुरू होतील' म्हणून बाबांनी दिले नाहीत. हप्ते चालू, गाड्या अंगणात उभ्या. चाकांवर वेली चढल्या. शेवटी भंगाराच्या भावात गेले. तेव्हा मी बाबांवर चिडायचो. आज माझी वही बघून त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटतं.

आणि जो मी चार टक्क्यांचा तोटा घेत नाही, त्याच मी 4 जून 2024 ला, निवडणुकीच्या निकालादिवशी, निफ्टी सहा टक्क्यांच्या आसपास आपटल्यावर चांगले, जुने शेअरसुद्धा विकून टाकले. 7 तारखेला निफ्टी पडण्याआधीच्या पातळीच्या वर बंद झाला.

करून पाहिलेले उपाय: स्टॉपलॉस कागदावर लिहून गल्ल्याला चिकटवला (चार दिवस टिकला), क्वांटिटी निम्मी केली. क्वांटिटीचा थोडा उपयोग झाला, धडधड खरोखर कमी झाली.

बायको म्हणते, सव्वानऊ ते साडेतीन फोन माझ्याकडे द्या. पण दुकानाचे यूपीआयचे पैसे त्याच फोनवर येतात. ॲप दुसऱ्या फोनवर टाकून तो घरी ठेवायचा विचार आहे. असं कुणी केलंय का? भाव दिवसातून एकदाच, बाजार बंद झाल्यावर बघून स्विंग जमतं का? आणि स्टॉपलॉस काढायची सवय ज्यांची खरोखर सुटली, त्यांना किती महिने लागले? स्वतःचा अनुभव असेल तरच लिहा, वाट बघतो.

सध्या दोन सौदे उघडे आहेत. दोन्हींच्या जीटीटी अजून जागेवर आहेत.