अनुभव धागा : महापुरानंतर तुमच्या गल्लीत कोण राहतं? (सांगली)

2005, 2019 आणि 2021. या तीन महापुरांनंतर सांगलीत घर बघायला जाणारा माणूस आधी जागेची उंची विचारतो. ज्यांना परवडलं ते नदीकाठचा जुना गावभाग सोडून उंचावरच्या विश्रामबागकडे गेले, रिकाम्या घरांत नवीन माणसं आली. तुमच्या गल्लीत हे कसं घडलं? भाडं, कमाई, शेजार, सगळं लिहा. कुणाची नावं मात्र नकोत.

गावभाग, निवृत्त शिक्षिका

2005 ला जोत्यावर पाणी चढलं तेव्हा सगळ्या गल्लीनं मिळून चिखल काढला आणि परत संसार मांडले. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. दिवाळीच्या आत समोरच्या दोन्ही घरांनी जायचं ठरवलं. एकांचा मुलगा पुण्यात आयटीत, त्यानं कर्ज काढून विश्रामबागला फ्लॅट घेतला. दुसऱ्यांची पेन्शन चांगली होती. आमच्या वाड्यात पाच वाटेकरी, प्रॉपर्टी कार्डावर आजोबांच्या पिढीची नावं, एकाची सही मिळाली तर दुसरा अडतो. गावभागावर आमचा जीव आहेच, पण निम्मी माणसं इथं अडकलीत ती अशा कागदांमुळे. आणि विकायला काढलंच तर गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं, "पाणी कुठवर आलं होतं?"

समोर आता खोलीखोलीनं भाडेकरू आहेत. सोन्याचं काम करणारी बंगाली मुलं, जतकडची दोन कुटुंबं. मास्तर, वकील, बँकेतले लोक राहायचे ती ही गल्ली. नवीन माणसं चांगली आहेत, हे मुद्दाम लिहिते. 2021 ला इशारा आला तेव्हा माझी कपाटं माडीवर चढवली ती त्या बंगाली मुलांनी. पुढं पंचनाम्याला आलेल्यांनी त्यांच्याकडं भाडेकरार मागितला. तो एकाकडेही नव्हता.

गावभागातच, भाड्यानं

आम्ही पण जतच्या पूर्व भागातलेच. म्हैसाळ सिंचन योजनेचं पाणी आमच्या शिवारात आलंच नाही, म्हणून गाव सोडलं. आमचे मालक, म्हणजे नवरा, मार्केट यार्डात हमाली करतात, हळद-बेदाण्याचा सीझन असला की बरं असतं. मी विश्रामबागला चार घरची धुणीभांडी करते. वडापच्या शेअर गाडीनं जाते, येते. तिकडंच खोली बघितली होती, पण नुसतं डिपॉझिटच इतकं सांगतात की आमच्यानं होत नाही. इथं भाडं कमी का, ते मला घेतानाच माहीत होतं. पोरांची शाळा जवळ आहे. पावसाळ्यात कागदपत्रं एका पिशवीत भरूनच ठेवते.

विश्रामबाग

आमच्याकडं उलट झालंय. वडिलांनी बंगला बांधला तेव्हा आजूबाजूला प्राध्यापक, वालचंद-विलिंग्डन कॉलेजमधली माणसं. एकेक बंगला पाडून आता अपार्टमेंट उभी राहिली. घेणारे डॉक्टर, तासगावकडचे द्राक्ष बागायतदार आणि विटा-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे. गलाईवाल्यांचा धंदा दक्षिणेत, फ्लॅट इथं. बरेच फ्लॅट वर्षभर बंद असतात, जत्रेला आणि लग्नसराईला उघडतात. आणि माझा मुलगा, चांगली नोकरी असून, या भागात घर घेऊ शकत नाही. मला हे फार लागतं.

शामरावनगर

नदी लांब म्हणून आम्ही गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या शेतजमिनीत, जागा घेतली. एनए (बिगरशेती मंजुरीचा) प्लॉट कुपवाड एमआयडीसीतल्या पगारात बसत नव्हता. पण इथली जमीन काळी आणि सखल, पावसाचंच पाणी तुंबून राहतं. गुंठेवारी नियमित करायचा कायदा 2001 चा. गटार अजून नाही. ज्यांना जमलं ते गेले, त्यांच्या जागेत आमच्यापेक्षाही कमी पगाराचे आले.

किराणा दुकानदार, गावभाग

पूर्वी महिन्याची यादी यायची, तूरडाळ पाच किलो, तेलाचा डबा. आता रोज संध्याकाळी पावशेर डाळ, तेलाची छोटी पिशवी, पाच रुपयांची चहा पावडर. पगार आठवड्याला किंवा रोजच्या रोज, त्यामुळे खरेदीही तशीच. असं सुटं घेणाऱ्याला तोच माल महाग पडतो, हे मला रोज दिसतं. उधारीचं म्हणाल तर वही बंद केलेली नाही आणि नवीन लोक शनिवारी पगार झाला की आधी माझे पैसे देतात. जुनी गिऱ्हाईकं विश्रामबागहून फोनवर यादी सांगतात, पोरगा गाडीवरून पोचवतो, पेट्रोलचा हिशोब जेमतेम बसतो. 2019 ला साखर आणि पीठ सगळं गेलं. तेव्हापासून गोदाम माडीवर आहे, खाली दोन दिवसांत विकेल तेवढाच माल ठेवतो.